वरच्या खोलीची खिरापत

सावंगी (मेघे)
१२ सप्टेंबर २०२५

चि. नंदिनीस,
विमलामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला आता धड ऐकू येत नाही. तू विचारतेस एक, मी सांगते भलतंच. म्हणून हे पत्र.

वरची खोली कधीची रिकामी आहे. नर्सिंगच्या पोरी आता लिफ्टवाल्या हॉस्टेलात राहतात, आपल्या जिन्यावर कोण चढतंय! विवेक म्हणतो, वर कुणी राहत असतं तर त्याला घोर नव्हता, पण एकटीला आता ठेवणार नाही. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून मला हैदराबादला नेतोय. लेक चांगला, सून गुणाची, पण मला जायचं नाही गं. त्या चौदाव्या मजल्यावर भुलाबाई मांडली तर गाणी म्हणायला येणार कोण?

तू नर्सिंगला असताना वर भाड्याने राहायचीस, तेव्हा भुलाबाईची गाणी झाली की मी खिरापतीचा झाकलेला डबा हलवायची आणि तू कान टवकारायचीस. चकली म्हणायचीस, निघायची शंकरपाळी. एकदाही ओळखलं नाहीस. यंदा माझी खिरापत मीच करते, मीच ओळखते.

तुझा पाट आणि स्टोव्ह वर पडून आहेत, घेऊन जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी


पुणे
२० सप्टेंबर २०२५

ती. विमलामावशींस,
नंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि दिवसभर ड्यूटीवर लक्ष लागेना. जाम गावाहून आले त्या पहिल्या संध्याकाळी मी खोलीत रडत बसले होते. भाड्यात रडणं धरलेलं नाई, खाली येजो भाकरी थापाले, असं तुम्ही जिन्यातूनच बजावलंत. माझ्या भाकरीला तुम्ही चंद्रपूरचा नकाशा म्हणायचात, तेही विसरले नाही.

मला रजा नाही. माझ्या भावाची मुलगी काजल पुढच्या रविवारी येईल, तिच्या हाती खिरापतीचा डबा पाठवते. ओळखल्याशिवाय उघडायचा नाही, नियम तुमचाच. पाट-स्टोव्ह तिथेच राहू द्या.

तब्येतीला जपा, आणि आमच्यावरचा हात काढू नका.

तुमची नंदिनी


सावंगी (मेघे)
२९ सप्टेंबर २०२५

चि. नंदिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काजल काल आली. डबा हलवला, तर आवाज नाही. कानाशी नेऊन हलवला, तरी नाही. म्हटलं, उरलेसुरले कानही गेले. लाडू म्हटलं, पातोडी म्हटलं, पोरगी नुसती मान हलवते. शेवटी हार मानून उघडला, तर आत काहीच नाही! मला रागच आला. म्हातारीची थट्टा करता काय, असं बोलूनही गेले.

ती उठली आणि फाटकापाशी ठेवलेली बॅग अन् गादीची वळकटी घेऊन आली. नर्सिंगले नंबर लागला म्हणे, आत्यानं खिरापत म्हणून मलेच पाठवलं. अगं, मी आधी तिच्या हातातली वळकटीच घेतली. मग तिनेच विवेकला फोन लावला. वर ती राहणार हे ऐकून तो तिला म्हणाला की यंदा दिवाळीला तोच इकडे येतो, कुलूप नको.

भुलाबाईपुढे दोघी गायलो. सुराच्या बाबतीत पोरगी अगदी आत्यावर गेली आहे.

संध्याकाळी वरून हुंदका आला. फोन ऐकू न येणाऱ्या मला तो बरोबर ऐकू आला. मी जिन्यात उभी राहून बजावलं, भाड्यात रडणं धरलेलं नाही, खाली ये. आणि तिला दिसू नये म्हणून पदराने माझे डोळे पुसले.

डबा भरून परत पाठवीन. ओळखता येतं का बघ. जीव लावलास, तसाच लावत राहा.

तुझी मावशी