उमेदवार एकेचाळीस

२ मार्च, सोमवार

लागली! एकदाची नोकरी लागली आणि पहिला दिवस पारही पडला. सात वर्षं लोकांच्या गळ्यात विमा मारला, आता सोशल मीडियावरून सॉफ्टवेअरची माणसं हेरायची आणि कंपनीत आणायची. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, चकाचक, मला खिडकीजवळची जागा. आणलेले इंजिनिअर चौथ्या मजल्यावर बसतात म्हणे, तिथे आम्ही जायचं नाही. नाही तर नाही, मला कुठे त्यांच्याशी सोयरीक करायचीय!

मॅडम म्हणजे तोंडात साखर आणि डोक्यावर बर्फ. शेजारी चष्मेवाली बसते, चार वर्षं जुनी. तिने पहिल्याच तासाला मला एक फडकं दिलं आणि टेबल पुसत राहा म्हणाली. मी मुळात स्वच्छतेची वेडी, म्हटलं, चला, कुणीतरी आपल्या जातकुळीचं भेटलं.

संध्याकाळी भोपळ्याला फोन केला. भोपळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा गोल गरगरीत होता म्हणून नाव पडलं, आता नुसती काडी झालीय. प्रोग्रामर आहे, आठ महिने घरी बसलाय, दुसऱ्या शहरात एकटा. आई रोज देव पाण्यात घालून बसल्यासारखी फोनपाशी असते. याला एकदा कुठेतरी चिकटवला की मी सुटले.

४ मार्च, बुधवार

आज काम समजलं. चौथ्या मजल्यावरचा प्रत्येक जण रुजू होताना आपल्या सोशल मीडियावरच्या खात्याचा पासवर्ड कंपनीला देतो. मग त्याच्या नावाने लिहायचं आम्ही! नवी सुरुवात, भारी टीम, मन लावून काम, वगैरे वगैरे. फोटो मॅडम पुरवतात. आणि त्याच्याच खात्यावरून त्याच्या जुन्या मित्रांना गोड गोड निरोप. अनोळखी माणसाला कोण उत्तर देतं? मित्राला सगळे देतात.

माझ्या वाट्याला आठ खाती आलीत. दुसऱ्याचा घामट बनियन अंगात घातल्यासारखं वाटलं, खरं सांगते. पण विम्यात तरी मी कुठे हरिश्चंद्र होते?

समोरचा उमेदवार आम्हाला फक्त आकड्याने दिसतो. नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. ओळखीपाळखी मधे यायला नकोत, म्हणून मॅडमने केलेला नियम. उमेदवारालाही कंपनीचं नाव शेवटपर्यंत सांगायचं नाही, रुजू होण्याच्या सकाळी थेट गाडी दाराशी.

९ मार्च, सोमवार

शी! चहाच्या कपात वरून थेंब पडला. छताला टेबलाच्या बरोब्बर वर पिवळा डाग आहे, त्यातून. पाणी नव्हे, चिकट. बोटाला लागला तर तार सुटली. ओला टॉवेल पिशवीत आठवडाभर विसरावा तसा वास. तीनदा साबणाने हात धुतला तरी जाईना, दुपारचा डबा तसाच घरी आणला.

चष्मेवालीला विचारलं तर म्हणाली, वरच्या एसीचं आहे. आणि स्वतःचं टेबल पुसत राहिली.

१२ मार्च, गुरुवार

आज मी मैदान मारलं. उमेदवार एकेचाळीसने आठ दिवस झुलवत ठेवलं होतं. त्याच्या कॉलेजातल्या एका मित्राचं खातं माझ्याकडे आहे, त्याच्या नावाने मी रोज लिहीत होते. जेवलास का, झोप लागते का, धीर सोडू नको. बिचारा हळूहळू मोकळा झाला. नोकरी नाही, रात्रभर डोळा लागत नाही, घरच्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

शेवटचा खोडा होता त्याची मोठी बहीण. भयंकर फटकळ आहे, हजार चौकश्या करील आणि मोडता घालील, असं म्हणाला. मला हसूच आलं, असते एकेका घरात एक कैदाशीण! मी लिहिलं, तिला आत्ता काही बोलूच नकोस. रुजू हो आणि मग एकदम सांग, बघ कसं तोंडात बोट घालते ते.

हो म्हणाला. सोमवारी गाडी जाईल. मॅडमने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

१६ मार्च, सोमवार

रुजू झाला की पडद्यावर नाव आणि फोटो उघडतो. अकरा वाजता एकेचाळीसचा उघडला.

भोपळ्या.

माझा भोपळ्या. दाढी वाढलेली, त्यावर कसनुसं हसू. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मीही वाजवल्या. का वाजवल्या?

त्याला सतरा फोन केले. उचलत नाही. दुपारी त्याच्या खात्यावर आलं, आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस. ते चष्मेवालीने लिहिलंय, मी तिच्या पडद्यावर पाहिलं. आईचा फोन आला, आनंदाने रडत होती. मला आधीच ठाऊक होतं ना, असं विचारत होती. मी हो म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत जिन्याने वर गेले. दाराला कुलूपसुद्धा नाही.

साठेक जण ओळीने बसलेले. जाळीच्या खुर्च्या. आधी वाटलं, शर्ट घामाने चिकटलेत. शर्ट नव्हतेच. पाठीचं मांस जाळीच्या भोकाभोकांतून मागे आलेलं, चाळणीवर दाबलेल्या कणकेसारखं, पांढरं आणि ओलं. त्यातून ते ठिबकत होतं. खाली फरशीवर साचलेलं. तेच माझ्या कपात. तेच!

मी जिन्यात ओकले.

भोपळ्या शेवटच्या रांगेत. हाक मारली तर वळून गोड हसला, म्हणाला की आता झोप छान लागते. बोटं कीबोर्डवर चालूच. मी दंडाला धरून ओढलं. पाठ सुटताना आवाज आला, चिकटपट्टी ओढावी तसा, आणि तो ओरडला. लहानपणी पडला तरी असा ओरडला नव्हता.

मी सोडून दिलं त्याला. सोडून खाली आले.

१८ मार्च, बुधवार

पोलीस चौकीत गेले. हवालदाराने खातं उघडून पाहिलं, हसरे फोटो पाहिले, त्यावर निरोपही पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, मी मजेत आहे, ताई जरा काळजी जास्तच करते. हवालदार हसला, म्हणाला, घरी जा बाई, भावाचं सुख बघवत नाही का.

ते उत्तर कुणी लिहिलं ते मला माहीत आहे. ऑफिसात येऊन चष्मेवालीच्या अंगावर धावून गेले. तिने चष्मा काढला, पुसला आणि हळूच सांगितलं की तिचा नवराही वर होता. पाच दिवसांच्या आत बदली माणूस आणला तर मॅडम पहिल्याला सोडतात. खुर्ची मात्र रिकामी चालत नाही. पाचव्या दिवशी मूळ धरतं, मग ओढलं तर माणूस तुटतो.

तिने कुणाला आणलं, विचारलं. सख्ख्या दिराला, म्हणाली.

थू तिच्या जिण्यावर!

पाचवा दिवस म्हणजे शुक्रवार. दुपारी चारपर्यंतच मुदत.

१९ मार्च, गुरुवार

सकाळपासून एकशे बारा जणांना लिहिलं. कुणी बघू म्हणतं, कुणी पुढच्या महिन्यात. अनोळखी माणूस एका दिवसात येत नाही — भरवसा असणाराच येतो —

लंबू आहे. भोपळ्याचा शाळेपासूनचा मित्र, प्रोग्रामरच. माझ्या हातचं जेवून वाढलाय, मला ताई म्हणतो. चांगली नोकरी आहे त्याला. गेल्याच महिन्यात मुलगी झाली —

नाही. हे मी करणार नाही.

वर जाऊन आले. भोपळ्याच्या पाठीला आता शिवण दिसत नाही. मांस कुठे संपतं आणि जाळी कुठे —

शी. शी. शी.

२० मार्च, शुक्रवार

लिहिलं. भोपळ्याच्या खात्यावरून, सकाळी आठला, चष्मेवालीकडून पासवर्ड घेऊन. लंबू, मला इथे सोबत हवीय, आजच ये. जमलं हो मला. पहिल्याच वाक्यात जमलं. माझ्या हातांची मलाच किळस येते —

२.१०. गाडी लंबूच्या दाराशी उभी आहे. तो बसत नाही —

२.२५. त्याचा फोन. माझ्या नंबरवर. टेबलाखाली बसून बोलतेय, वही मांडीवर —

म्हणतो की खात्यावर त्याचा विश्वास नाही, ताईच्या तोंडून ऐकायचंय. मागे बाळ रडतंय. त्याची बायको अंगाई म्हणतेय. विचारतो, ताई, तुम्ही त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत ना, बरा आहे ना तो, एवढंच सांगा, तुम्ही म्हणालात तर लगेच निघतो —

मी म्हटलं, अरे वेड्या, बरा म्हणजे काय, तो तर इथे अगदी मजेत —