अराशानला आम्ही दोघंच

काराकोल, जुलैची अखेर

वडील जाऊबाई असिलकान-एजे यांना धाकटी जाऊ बुरुल हिचा वाकून सलाम.

तुमची मेंढरं, घोड्या आणि त्यानंतर माणसं, अशी सगळी खुशाल असतील अशी आशा आहे. थोरल्या भावजींचा (त्यांचं नाव इतक्या वर्षांत तोंडाने घेतलं नाही, तेव्हा कागदावरही घेत नाही) रक्तदाब उतरला का? डॉक्टरांनी बंद केलेली मेंढीच्या शेपटाची चरबी ते अजून लपून खातात असं कानावर आलं. खाऊ द्या, लपून खाल्लेलं कमीच खाल्लं जातं. दोन्ही सुना भांडत असतील तर त्याही धडधाकट आहेत असं मी समजते. इकडे माझे गुडघे दुखतात आणि ह्यांना भूक लागते, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे.

तुमच्या नारिनपर्यंत बातमी पोचली म्हणे, की काराकोलचा ड्रायव्हर इशेम्बी आणि त्याची बायको म्हातारपणी पाठीला सॅक बांधून परदेशी लोकांसारखे डोंगरात हिंडत होते, बहुतेक मुलाने घरातून हाकललं असावं. यातलं हिंडणं खरं आहे. मुलाने हाकललेलं नाही. उलट आमच्या एर्निसनेच त्या दोन सॅक आणि तंबू बिश्केकहून आणून दिला, आणि नंतर गल्लीभर सांगत सुटला की आईला काहीतरी झालंय. म्हातारपणाबद्दल ज्याने सांगितलं तो कोण हे मला ठाऊक आहे, आणि तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

आता खरं काय घडलं ते मुळापासून सांगते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकावं लागणार नाही. तुमचे धाकटे दीर आयुष्यभर काराकोल-नारिन बस चालवत होते. जो जो त्या बसमध्ये बसला तो तो आमचा पाहुणा, असा ह्यांचा हिशेब. लग्नाच्या रात्रीसुद्धा आमच्या खोलीत पडद्यापलीकडे तीन माणसं झोपली होती, त्यांतल्या एक तुम्हीच होतात. (घोरत होतात. मी कधी बोलले नाही.) तेव्हापासून आजवर आम्ही दोघंच बसून, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, एकदाही जेवलेलो नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा योग आला होता. बर्फ असं पडत होतं की रस्ते बंद, कोणी यायची शक्यता नाही. मी दोन वाट्या मांडल्या. ह्यांनी त्या दोन वाट्यांकडे पाहिलं, कोट चढवला, बाहेर गेले आणि रस्त्यात अडकलेला एक ट्रकवाला शोधून घेऊन आले. तो बिचारा भला माणूस होता, पण त्या रात्री मी त्याच्या चहात साखर घातली नाही.

पानगळीत एर्निसची बायको घरात येईल. मग तिची आई येईल, मावश्या येतील, पुढे पाळणा येईल, आणि धाकट्याच्या घरी आईबापांनी राहायचं ही रीतच आहे, तेव्हा त्या घरात आम्ही मरेपर्यंत एकटे सापडणार नाही. म्हणून मी ह्यांना सांगितलं, की हा उन्हाळा माझा. नदीच्या कडेने वर चढायचं, हिमनदीजवळून खिंड ओलांडायची, पलीकडे अराशानला उतरून गरम पाण्यात गुडघे शेकायचे, आणि या सगळ्यात कुठेतरी एक जेवण, फक्त दोघांचं. हे म्हणाले, "एवढंच ना?" मी ओट्स घेतले, चहा घेतला, आणि चमचे दोनच घेतले. मुद्दाम.

पहिल्या दिवशी दुपारच्या आतच मेंढपाळाचा नमद्याचा तंबू, पहिलं यर्ट, दिसलं. मी म्हटलं, लांबून वळसा घालू. हे म्हणाले, वळसा घातला तर त्यांना वाटेल आपण चोर आहोत. कुत्रा भुंकला, घरधनी बाहेर आला, ह्यांना पाहिलं आणि तिथूनच म्हणाला की इशेम्बी-आके, तुम्ही मला एकदा तिकिटाशिवाय नेलं होतं. झालं. घोडीच्या दुधाचा कुमीस आला, तळलेले बोरसोक आले, मेंढी कापली गेली, आणि मेंढी कापली म्हणजे ती शिजेपर्यंत पाहुण्याने उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी निघालो तर उरलेलं मटण आणि बोरसोक पिशवीत बांधून हातात. पाहुण्याच्या वाट्याचं केशिक नाकारलं तर घरावर थुंकल्यासारखं, म्हणून ते माझ्या सॅकमध्ये गेलं. परदेशी लोक म्हणतात चालता चालता सॅक हलकी होत जाते. त्यांना कोणी ओळखत नाही म्हणून तसं होत असावं.

दुसऱ्या यर्टातली बाई ह्यांच्या बसमध्येच जन्मली होती, घाटात, पुढच्या सीटवर. (ती गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली आहे. मी तिथे बसून एकशे एकाव्यांदा ऐकली.) म्हणजे हे तिचे जवळपास मामाच. तिने मेंढी तर कापलीच, शिवाय एर्निसच्या लग्नासाठी म्हणून एक जिवंत कोकरू दोरी बांधून ह्यांच्या हाती दिलं. मी तिला सांगितलं, पोरी, आम्ही हिमनदीकडे चाललोय. ती म्हणाली, "मग काय झालं मामी, त्याला चार पाय आहेत." कोकरू दिवसभर ह्यांच्या मागे चाललं आणि माझ्या सॅकमधल्या बोरसोकांचा वास घेत माझ्या पोटरीला ढुशा देत राहिलं.

आता माझी अक्कल बघा. संध्याकाळी तिसरं यर्ट आलं, त्या वरच्या कुरणातलं शेवटचं. आत एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची म्हातारी. मला वाटलं, हे कोकरू यांना भेट देऊन टाकावं, ते खूश होतील, आपण चहा पिऊन पुढे सटकू. दिलं. म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. आमच्याकडे रिकाम्या हाताने येणारे पुष्कळ, असं म्हणून त्याने आम्हाला आशीर्वाद दिला आणि तेच कोकरू आमच्या मानासाठी कापलं. डोकं ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी कान कापून मेंढरं घेऊन परतलेल्या त्यांच्या नातवाला दिला, सगळं रीतीप्रमाणे केलं, आणि दुसऱ्या सकाळी ते कोकरू शिजलेल्या स्थितीत आमच्या सॅकमध्ये परत आलं. जिवंत होतं तेव्हा निदान आपल्या पायाने चालत होतं.

त्याच्या वर मात्र यर्ट नाही, कुरण नाही, फक्त दगड आणि बर्फ. हे लहानपणी तिथे मेंढ्या घेऊन यायचे. तेव्हा हिमनदीचं तोंड जिथे होतं तिथे आता करडा चिखल आहे, आणि बर्फ बरंच वर सरकलंय. हे तिथे टोपी काढून उभे राहिले. मी तंबू बांधला (दोरी कुठली कशात घालायची ते शेवटपर्यंत कळलं नाही, एक काठी उरलीच), स्टोव्ह पेटवला, ओट्स शिजवले, दोन चमचे काढले. चमचा तोंडाशी गेला, इतक्यात खालून दोन टोप्या दिसल्या. परदेशी जोडपं, तरुण, थंडीने निळं पडलेलं. आमच्याकडे बघून त्यांनी लांबूनच हात केला आणि शहाण्यासारखे बाजूच्या खडकामागे वळले. आणि आमचे हे उठून दोन्ही हातांनी त्यांना बोलवायला लागले. मी म्हटलं, अहो, त्यांनाही दोघंच राहायचं असेल.

"एकटं कोणाला राहायचं असतं?" हे म्हणाले.

जाऊबाई, त्यानंतर मी बर्फाकडे तोंड करून बसले. त्या दोघांनी तिन्ही यर्टांचं मटण संपवलं; पोरगी हाडं अशी चोखत होती की कोणाही किर्गिझ सासूने तिला पसंत केली असती. जाताना त्यांनी परतभेट दिली. काय दिलं असेल? ओट्सचं पाकीट.

खिंड ओलांडून खाली उतरेपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना ते कळलं, कारण मधेच माझी सॅक न विचारता स्वतःच्या छातीवर अडकवली आणि पुढे मागे दोन्हीकडून लादलेल्या गाढवासारखे चालत राहिले. अराशानला गरम कुंडावर लाकडी खोल्या बांधल्यात हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही आलात तेव्हा नव्हती ती एक गोष्ट म्हणजे आतून लावायची कडी. ती मी लावली. एवढ्या वर्षांत आपल्या घराण्यात कोणी कडी लावलेली मला आठवत नाही.

पाण्यात बसलो. पाणी गंधकाचं, जरा सडक्या अंड्यासारखं, पण गुडघ्यांना जे वाटलं ते मी सांगत बसत नाही, तुम्हाला हेवा वाटेल. मला इतकी वर्षं वाटत होतं की एकटे सापडलो की ह्यांना काय काय सांगीन, आणि त्या वेळी एक अक्षर आठवेना. मग पाण्याबाहेर येऊन, केसांना टॉवेल गुंडाळून, बाकावर बसून आम्ही त्या परदेशी पोरांचे ओट्स थर्मासच्या पाण्यात भिजवून खाल्ले. हे म्हणाले, हे घोड्यालासुद्धा मीठ घालून देतात. पण वाटी पुसून खाल्ली. मीही खाल्ली. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, तिसरं कोणी नव्हतं.

जेवण झाल्यावर सवयीने आम्ही दोघांनी तळहात वर केले आणि वाट बघत राहिलो. आशीर्वाद वडीलधाऱ्याने म्हणायचा. तुमचे दीर भावांत सगळ्यात धाकटे. जन्मभर आधी वडिलांनी म्हटला, मग थोरल्या भावजींनी, मग ज्या त्या पाहुण्याने. ह्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग लक्षात आलं की त्या खोलीत वडीलधारे तेच आहेत. घसा खाकरला. शब्द येत नव्हते, म्हणून जे आलं ते म्हणाले.

"बुरुलचे गुडघे बरे होवोत. तिला तिचं जेवण गरम असताना मिळो. आणि मी तिच्या आधी मरू नये. मेलो, तर चाळिसावा दिवस होईपर्यंत घरात पाहुणे, तिला एकटीला रडायलाही मिळायचं नाही. ओमीन."

मी ओमीन म्हटलं आणि तळहात तोंडावरून फिरवले. माझे जरा जास्त वेळ फिरले. मला रडू आलं होतं, हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही.

तेवढ्यात दार वाजलं. तिथला राखणदार म्हणजे ह्यांच्या बसवरचा जुना कंडक्टर शार्शेन. "आके, आत बुडालात की काय? मेंढी कापलीय." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कडीकडे पाहिलं. हे उठले आणि कडी काढली. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. पण मटण चांगलं होतं.

तर असा आमचा प्रवास झाला. कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. थोरल्या भावजींना सलाम, मुलाबाळांच्या कपाळाला माझ्या वतीने ओठ टेकवा.

तुमची धाकटी जाऊ,
बुरुल

ता. क. एर्निसच्या लग्नाला तुम्ही महिनाभर आधी येणार असं भावजींनी फोनवर सांगितलं. हे "या, या" म्हणाले, ते तर पिठाच्या चक्कीलाही या म्हणतात. माझी हात जोडून विनंती आहे, आठवडाभर आधी या. वरचं सगळं पत्र खरं म्हणजे एवढंच सांगण्यासाठी लिहिलं, पण एकदम कसं लिहायचं म्हणून डोंगरावरून आले.

आणखी ता. क. पत्र नारिनच्या गाडीने पाठवायचं म्हणून पाकिटात घातलंच होतं, तर तुमचीच गाडी फाटकात उभी. महिना नव्हे, दोन महिने आधी, आणि दोन्ही सुनांसकट नऊ माणसं. आलात, बरं वाटलं. (खरंच वाटलं. तुम्ही आणलेली चरबी भावजींना दिसणार नाही अशा जागी ठेवली आहे.) ह्यांनी नेहमीसारखी मेंढी कापली, नेहमीसारखे हसले, भावजींनी आशीर्वाद म्हटला, आणि आता तुम्ही सगळे जेवून आडवे झाला आहात. उष्टी हाडं टाकायला मी मागे गेले, तर हे मागच्या फाटकाशी उभे. पाठीला एक सॅक, छातीवर दुसरी. मी ह्यांना निघायचं सुचवलंही नव्हतं, कालही नाही, आजही नाही.

म्हणाले, "चल, ते उठायच्या आत. कुलूपही लावायला नको, घरात माणसं आहेत."

म्हणून हे पत्र तुमच्या उशाशी ठेवते. शोधायला कोणाला पाठवू नका, शार्शेनला तर मुळीच कळवू नका. पीठ कोठीत आहे, मटण पातेल्यात आहे, आणि संध्याकाळी गाय तेवढी पिळा. ती नव्या हाताला लाथ मारते, तेव्हा सुनांना बसवू नका, तुम्हीच बसा.