तलवारीशेजारचं पितळी नॉझल

बाबा, परवा शहरात हवाई हल्ल्याच्या सायरनची तालीम झाली आणि तुमच्या पणतूने मला विचारलं, "आजी, पणजोबा तो फौजी थे, मग लड़ाई में क्यों नहीं गए?" मी म्हटलं, सूट होती. पोराला तेवढं पुरलं. मला पुरलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही पलटण सोडून गिरणीत लागला होतात आणि वरकड वेळात फायर ब्रिगेडमध्ये आग विझवायचं शिकत होतात. लढाई पेटली, जुन्या शिपायांना परत बोलावणं आलं. पण आग विझवणाऱ्यांना शहरातच ठेवायचं ठरलं, तुम्हीही राहिलात. आजोबा तुमच्या ताटासमोर उभं राहून म्हणाले, "आपल्या घरात सूट घेणारा आजवर कोणी झाला नाही. खंडेनवमीला तलवारीला हात लावायचा नाही." शिपायांच्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती. तुम्ही आईकडे आणखी एक पोळी मागितलीत. मला तुमचा रागच आला होता.

मग ती दुपार. टोपी बाजारात कापडाचं गोदाम पेटलंय. मी आजोबांचं बोट धरून गर्दीत उभी आहे. तुम्ही खांद्यावर पितळी नॉझल लावलेली पाण्याची नळी घेऊन येता, आम्हाला पाहता आणि आजोबांना म्हणता, "बाजूला व्हा, रस्ता मोकळा ठेवा." त्यांना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते बाजूला झाले. सगळी माणसं बाहेर पळत होती आणि तुम्ही आत शिरलात. पत्र्याचं छप्पर खाली आलं. पुष्कळ वेळाने तुम्ही गोदामाच्या चौकीदाराला पाठीवर घेऊन आलात, त्याला खाली ठेवलंत आणि पुन्हा आत गेलात. बाबा, एवढ्या आयुष्यात मी तसं दुसरं काही पाहिलं नाही.

लढाई थांबली, खंडेनवमी आली. पाटावर तलवार मांडून आजोबा तुम्हाला म्हणाले, "तुझं ते पितळी नॉझल आण."

"सरकारी आहे. कुंकू लागलं तर साहेब रागावतील."

"साहेबाला मी देखून घेईन."

तुम्ही आणलंत. आजोबांनी आधी त्याला कुंकू लावलं, मग तलवारीला, आणि पूजेचं तबक तुमच्या हातात दिलं.

हे पत्र काही टपालात टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुम्हाला सूट मिळाली त्या दिवशी तुमच्यावर रागावूनही मी गुपचूप देवापुढे साखर ठेवली होती. छप्पर कोसळलं तेव्हा त्याच देवाला म्हटलं, यांना खुशाल लढाईवर पाठव, पण इथून बाहेर काढ.