मला मात्र ताण नाही

१० ऑगस्ट २००९, सोमवार
गोंदियाहून अर्ध्या दिवसाचे ट्रेनिंग घेऊन परतलो. स्वाइन फ्लूच्या काळात आमच्या आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचा ताण घालवायची जबाबदारी माझ्यावर. निवड योग्य. बावीस वर्षे आरोग्य सहायक आहे, ताण म्हणजे काय मला माहीतच नाही. महिनाअखेर सगळे केंद्र ताणमुक्त.

११ ऑगस्ट
भिंतीवर तक्ता लावला. रोज प्रत्येकाने आपला ताण दहापैकी लिहायचा. सगळ्यांनी आठ लिहिले. समजूत घालून चार करून घेतले. एका दिवसात निम्मा!

१२ ऑगस्ट, सकाळी ९
हास्ययोग. व्हरांड्यात आम्ही आठ जण, तोंडाला मास्क, हात वर, हा हा हा. ओपीडीची रांग मोडली, लोक देवरीच्या बसकडे पळाले. शिपाई शालीकराम म्हणाला, "सर, लोक म्हणून राहिले, फ्लू दवाखान्यालेच लागला." गैरसमज. उद्या रांगेलाही हसवू.

१४ ऑगस्ट
भूमेश्वरी सिस्टरचा एका दिवसाच्या रजेचा अर्ज. तिचा तीन वर्षांचा गुड्डू तिरोड्याला आजीकडे. आपल्यामुळे त्याला लागण नको म्हणून ती वीस दिवस घरी गेलेली नाही. येत्या शुक्रवारी तान्हा पोळा, पोरगा पहिल्यांदाच लाकडी बैल घेऊन निघणार. म्हणाली, अंगणाबाहेरूनच पाहीन.
अर्ज डॉक्टरांकडे माझ्यामार्फत जातो. पण रजा मागणे हे ताणाचेच लक्षण. वर पाठवला तर उपक्रमाची बदनामी. ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिला दीर्घ श्वास शिकवला. म्हणाली, "श्वास तर मी घेऊनच राहिली सर. रजेचं बोला."

१७ ऑगस्ट
सिस्टरने अर्जाचे विचारले. प्रक्रियेत आहे म्हटले. ड्रॉवरही प्रक्रियेतच येतो. तिने तक्त्यावर दहा लिहिले. मी शून्य खोडले.

१८ ऑगस्ट, दुपारी ४
घसा खवखवतो. धूळ असावी.

४.१०
धूळ नव्हे. शालीकराम काल माझ्यासमोर शिंकला होता.

४.३०
ताप ९८.८. वाढेल. क्वार्टरचे दार आतून लावून घेतले. गोंदियाला बायकोला फोन करून माझ्यानंतर मोटरसायकल कोणाला द्यायची ते सांगितले. ताण नाही. पूर्वतयारी.

१९ ऑगस्ट
भूमेश्वरी सिस्टर तपासायला आली. "ताप नाही सर. परवा भजे किती खाल्ले?" मी वाचेन ना, असे विचारले. केवळ तिचे रुग्णाशी वागणे पाहण्यासाठी. नाडी एकशेतीस. अर्धा तास हात धरून बसली. म्हणजे हात मी धरला होता.
डॉक्टर टेंभरे खिडकीतून म्हणाले, काही झाले नाही, कामावर या. पण मी धोका पत्करला नाही.

२० ऑगस्ट
शालीकरामकडून कळले: डॉक्टरांनी रजिस्टर शोधताना माझा ड्रॉवर उघडला. सिस्टरचा अर्ज सापडला. उभ्याउभ्याच सही केली. ती दुपारच्या बसने तिरोड्याला गेली. माझा निरोप न घेता.

२१ ऑगस्ट, शुक्रवार
बाहेर आलो. मी नसताना तक्त्यावर सगळ्यांचा ताण दोनवर आलेला. उपक्रमाचे यश. डॉक्टरांनाही पटले. म्हणाले, परिणाम टिकावा म्हणून तुम्ही पंधरा दिवस रजेवर जा. अर्जाचीही गरज नाही.
बायकोला फोन करून सांगितले, पंधरा दिवस घरी राहायला येतो आहे. ती हळूच म्हणाली,
"काऊन? आमचं काय चुकलं?"