म्हणे ‘द व्हेकंट सीट’!

३ फेब्रुवारी
बद्रीनाथनं आमच्या पियानोच्या वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका तपासायला पाठवली. पाचवी माझी विद्यार्थिनी रुमाना — ‘द एम्प्टी चेअर’. भाषांतर माझं. नववी हेमाची अपेक्षा — ‘द व्हेकंट सीट’. दोन्हींखाली मूळ फ्रेंच नाव तेच, संगीतकार तोच! एकच पीस दोनदा, आणि संयोजकाला पत्ता नाही!

आणि व्हेकंट सीट? गेलेल्या माणसाच्या खुर्चीवरची रचना आहे ती. स्वारगेटला बसमध्ये चढतोय का आपण?

४ फेब्रुवारी
बद्रीनाथला फोन. ‘अहो मॅडम, नावं वेगळी, म्हणून पीस वेगळे वाटले.’ वाटले! उद्या गौरी आणि गिरिजा दोन देवी म्हणून बसवाल. म्हटलं, एकच ठेवा. ज्या बाईला शीर्षक कळत नाही, तिनं तो पीस शिकवू नये. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय मी, उगाच नाही.

हेमा बारा वर्षं माझ्याकडे शिकली. मग खडकीत स्वतःचा क्लास काढला. पेढे घेऊन आली होती. मी दार उघडलं नाही.

६ फेब्रुवारी
अपेक्षाचं नाव काढलं. छान.

८ फेब्रुवारी
रुमाना तोंड पाडून आली. ‘टीचर, अपेक्षा खूप रडली. सहा महिने बसवत होती. नावावरून कुणी काढतं का?’

‘नावावरूनच अक्कल कळते. वाजव.’

वाजवलं. भिकार. मुद्दाम!

१० फेब्रुवारी
हेमाचं पाकीट. आत पिवळं पडलेलं नोटेशन आणि चार ओळी — ‘टीचर, अपेक्षाला मी यावरूनच शिकवलं. तुम्ही दिलेलं नाव बदलायचा मला धीर झाला नाही.’

फ्रेंच नावाखाली पेन्सिलीनं ‘द व्हेकंट सीट’. कॉन्व्हेंटचं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. माझं. तारीख १९८३ची.

तेव्हा हे होते. रोज संध्याकाळी पियानोशेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे.

११ फेब्रुवारी
बद्रीनाथला सांगितलं, अपेक्षाला परत घ्या, पीस दोनदा झाला तरी चालेल. नववी. नाव ‘द व्हेकंट सीट’.

‘अहो, पण ते चूक आहे म्हणालात ना?’

म्हटलं, चूकच आहे. माझी. छापा.