अक्षदाची डबी आणि पाण्यातले देव

ती. शेवंतीआक्कास,

काळाचौकीहून धाकट्या इंदूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल चोळतेस की नुसतीच बाटली बघतेस? मी बरी आहे. (साखर थोडी वाढलीय, पण ते आमच्या सूनबाईला, प्रितीला, फोनवर बोलू नकोस. ती माझा चहा बंद करते.) माझी शाळा चौथीतच सुटली हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा अक्षर लावून लावून वाच.

तर आक्का, घरात नवल आलंय. नात अक्षदा कंप्युटरवरची नाणी शोधते. ती हातात येत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात म्हणे. (देवासारखंच म्हण.) त्यासाठी तिने आधी एक जुनं यंत्र आणलं, शिवणमशीनच्या पेटीएवढं, आणि त्याला वीज पुरवायला वेगळा खोका, पाट्यासारखा जड. चालू केलं आणि पंखे असे घोंघावले की आमचे हे असते तर डबा उचलून गिरणीत निघाले असते. तेवढ्यात मजल्यावरचे सगळे दिवे गेले. अंधारात शेजारचा कुशाबा म्हणतो, "इंदूवैनी, बंद गिरणी तुमच्याच घरात उघडली काय?"

ते धूड गेलं आणि डबी आली. माझ्या मिश्रीच्या डबीहून जराशी मोठी, एक इवलासा पंखा, आवाज मांजर झोपल्यासारखा. पण ठेवायची कुठे? कपाटावर तापते, ओट्यावर वाफ लागते. नेमके मी तेव्हा देव पाण्यात ठेवले होते, देव्हारा रिकामा, आणि आत दिव्याचा पॉइंट. डबी बसली बरोब्बर. प्रितीने अट घातली, देव पाण्यातून बाहेर आले की डबी बाहेर.

वीज किती लागते म्हणशील, तर देव्हाऱ्यातल्या दिव्यापेक्षा थोडी जास्त. पण पाचच व्होल्टची. गणपतीच्या लायटिंगची पिन तिला चपखल बसते, मी लावायलाच निघाले होते, तर अक्षदाने हात धरला. "आजी, ती बाराची आहे. बसली म्हणजे चालते असं नाही, जळून जाईल." म्हणजे तान्ह्याला भाकरी भरवल्यासारखं झालं असतं बघ.

आणि डबी करते काय दिवसभर? आकडा लावून बघते. नाही जुळला, पुढचा. हा जपच की. माझी एक माळ होईस्तोवर हिच्या इतक्या माळा होतात की तो आकडा अक्षदालाही धड म्हणता येत नाही. खाणं नाही, जांभई नाही. समोर बसले की माझे हात आपोआप जुळतात. अक्षदा म्हणते, नाणं आज सापडेल, नाहीतर सात जन्मांत नाही. सापडलं तर पनवेलला ब्लॉक घेणार, स्वतःच्या मीटरचा, आणि तिथे तसलं मोठं धूड लावणार, हे तिचं दिवे गेले त्या दिवसापासून चाललंय.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
इंदू

ता. क. : तुझा धोंडू मुंबईला येईल तेव्हा त्याच्याबरोबर आईचं तांब्याचं घंगाळ पाठव. माझ्या टोपात देवांची दाटी होते, आणि त्यांचा मुक्काम लांबणार आहे.

आणखी एक : घरात सगळ्यांना वाटतं, नाणं सापडावं म्हणून मी देव पाण्यात ठेवलेत. तुला म्हणून सांगते, सापडू नये म्हणून ठेवलेत. पोरगी हल्ली कामावरून आली की आधी डबी बघते, मग तिथेच माझ्या मांडीला टेकून दिवसभराचं सगळं सांगत बसते. पनवेलला गेल्यावर कोणाला सांगेल? ती बाराची पिन माळ्यावर आहे, स्टुलावर चढलं की माझा हात पोचतो. पण जपाला बसलेल्याला उठवायचं पाप कोण घेईल? घंगाळ मोठंच पाठव.