भांग आडवा आला

ठाणे, मार्गशीर्ष वद्य ३, शके १८०९

चि. सौ. गोदूस त्र्यंबकदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई काल सोबत पाहून अकस्मात तुझ्याकडे कल्याणला आली, त्याचे कारण ती सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. कै. भाऊंच्या कविता मी छापायला काढल्या आहेत. अवघड शब्दांचे अर्थ आणि मूळ खाली टिपांत देतो. एक ओळ अशी आहे: 'भांग आडवा आला सखये, फिरलों मागें अर्ध्यावरुनी.' तिची टीप तेवढी आईला हौसेने वाचून दाखवली: 'भांग, मूळ संस्कृत भंग. सखीच्या भांगात परक्याचा शेंदूर पाहून कवी परतला.' आईने मला वाढले आणि सकाळी गाठोडे बांधले. वडील कवी होते, त्याला मी काय करू? तिची समजूत घाल. घर खायला उठते.

तुझा, त्र्यंबक

कल्याण, मार्गशीर्ष वद्य ६

ती. दादांस गोदूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आई आली तशी तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडी. शेवटी हळूच म्हणाली, की शिकलेल्या माणसाचे चुकते का कधी. मी म्हटले, आमच्या दादाचे हमखास. मग तुमच्या पत्रातली मूळ ओळ वाचून दाखवली; ती तिने ऐकलीच नव्हती. तिने ती पुन्हा वाचायला लावली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली.

दादा, खाडीकाठी भांग म्हणजे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या सुमाराची अपुरी भरती. लग्नानंतर आई अजून कोपरला माहेरीच होती. भाऊ एकदा आमंत्रणावाचून ठाण्याहून होडीने निघाले. पाणी पुरले नाही. धक्का समोर दिसतो आहे आणि होडी गाळात! काठावर अख्खा गाव हसत होता, आई आजीच्या पाठीआड उभी. होडी कशीबशी सुटली, तशी नावाड्याने ती मागेच वळवली. भाऊ त्याबद्दल तिच्याशी जन्मात बोलले नाहीत. तिला वाटे, ते विसरले.

आता घरी यायला तयार आहे. निरोप एवढाच: "भांगाचा अर्थ नीट लिही. सखी कोण, ते लिहू नकोस."

कान धरल्याचा राग नसेल तर लोभ असू द्यावा.
आपली, गोदू

ठाणे, मार्गशीर्ष वद्य ९

चि. सौ. गोदूस आशीर्वाद. वि. वि.

छापखान्यात जाऊन ती टीप खोडली. खिळे जुळवणाऱ्याने कपाळाला हात लावला. आता 'भांग: अपुरी भरती' एवढेच राहील. रविवारी आईला न्यायला येतो.

भाऊंच्या बाडात 'सखये' आणखी पुष्कळ ठिकाणी आहे. तू आईला एवढ्यात सांगू नकोस. या खेपेला टिपा बाजूला ठेवून तिला कविताच वाचून दाखवीन म्हणतो.

मुलांना पापे. माया आहे ती राहू दे.
तुझा, त्र्यंबक